नऊ मेचा आकडा

बापूजींनी आमच्याकडे तक्रार केलीच नव्हती. मला त्यांच्याकडे जावेसे वाटले ते त्यामुळेच.

पांढरकवड्याला महामार्गालगत, ट्रकांच्या टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर आमचे कार्यालय आहे. आम्ही चार तालुक्यांतल्या घरांना आणि दुकानांना इंटरनेट पुरवतो. मालक किसनसिंग. त्यांनी केबल टीव्हीच्या तारा ओढण्यापासून सुरुवात केली आणि अजूनही पंधरा फूट शिडीवर ते माझ्यापेक्षा लवकर चढतात. मी भौतिकशास्त्रात एमएस्सी करून अमरावतीहून परत आले, संशोधनाची जागा मिळाली नाही, म्हणून वर्षभर थांबू असे ठरवून इथे लागले. या वैशाखात त्याला दीड वर्ष झाले.

वीस एप्रिलला आम्ही आमचे सगळे इंटरनेटचे क्रमांक बदलले होते. गिऱ्हाइके वाढली होती, जुने क्रमांक पुरेनात, म्हणून नवा मोठा संच घेतला आणि एका दुपारी सगळ्यांना त्यावर हलवले. काम चोख झाले असे आम्ही समजत होतो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात गावातल्या एका रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेची तक्रार आली की त्यांचे रिपोर्ट नागपूरच्या डॉक्टरांपर्यंत पोचत नाहीत. मी दोन दिवस शोधले आणि चूक सापडली. ती प्रयोगशाळेची नव्हती. ती आमची होती.

इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला एक क्रमांक असतो. नाव सांगितले की क्रमांक मिळावा, ही नोंद सगळे करतात; तिच्याशिवाय काही चालतच नाही. उलटी नोंद वेगळी असते. तिथे क्रमांक सांगितला की नाव मिळायला हवे. घरी बसून व्हिडिओ पाहणाऱ्याला तिची कधी गरज पडत नाही. पण जो स्वतःच्या यंत्रावरून ई-मेल पाठवतो, त्याला पडते. ई-मेल समोरच्या दारात पोचली की तिथले यंत्र आधी विचारते, हा क्रमांक कोणाचा? नाव मिळाले, आणि त्या नावाला पुन्हा विचारल्यावर तोच क्रमांक परत आला, तर दार उघडते. उत्तरच आले नाही तर पुष्कळदा दारातूनच परत पाठवतात, कारण खोटे टपाल पाठवणारे असेच बिननावाचे येतात. आणि ही उलटी नोंद गिऱ्हाइकाला स्वतः करता येत नाही. क्रमांक ज्याचे, त्यानेच ती करायची. आम्ही नव्या क्रमांकांची ती केलीच नव्हती.

किसनसिंगभाऊंना सांगितले तेव्हा ते हसले. म्हणाले, "उलटं कोन पाह्यते, सुरभी? घराले पुढून दार असलं म्हंजे झालं." मग मी त्यांना प्रयोगशाळेचे परत आलेले बेचाळीस रिपोर्ट दाखवले. ते चहा न घेता स्कूटर काढून माफी मागायला गेले.

स्वतःचा कायमचा क्रमांक घेतलेली आमची अकरा गिऱ्हाइके होती. त्यांतल्या कोणाकोणाला त्रास झाला असेल हे पाहायला मी प्रत्येकाच्या वाहतुकीची नोंद काढली. पत्रात काय लिहिले आहे ते आम्हाला दिसत नाही, दिसायलाही नको. पाकीट किती वाजता गेले, केवढे होते आणि समोरच्याने घेतले की परतवले, एवढेच दिसते. दहा जणांचे आलेख जसे असतात तसे होते, दुपारी उंच, रविवारी सपाट. अकरावा मात्र पाहत राहावा असा होता. राळेगाव तालुक्यातल्या एका गावातल्या घरातून रोज फक्त एक ई-मेल जात होती. सकाळी साडेआठ ते पावणेनऊच्या मध्ये. एक किलोबाइटपेक्षाही लहान. आमच्याकडे सहा महिन्यांच्या नोंदी होत्या आणि सहा महिन्यांत एक दिवस चुकला नव्हता, होळीलाही नाही. क्रमांक बदलल्यावर, एकवीस एप्रिलपासून, त्याच वेळेला गेलेली पत्रे नाकारली गेली. असे सात दिवस. सत्तावीस एप्रिलनंतर काहीच नाही.

इतका नेमका माणूस अचानक थांबतो आणि तक्रार करत नाही, याचा अर्थ मला लागेना. फोन लावला. ते घर बापूजींचे. त्यांनी सांगितले की इंटरनेट बरोबर चालू हाय, काही अडचण नाई, आणि फोन ठेवला. सोळा तारखेला मी सकाळची एसटी पकडली.

बस थांबते तिथेच रहमतचाचांचे सायकल आणि पंपाच्या मोटारी दुरुस्तीचे दुकान आहे. बापूजींचे घर विचारले तर त्यांनी पाना न सोडता मागची भिंत दाखवली. घर दुकानाला लागूनच होते. "पोस्टमन बापूजी ना? चाळीस साल हमनेच सायकल ठीक की उनकी," ते म्हणाले आणि मग मराठीत विचारले, "कायले आली बेटा? इंटरनेटवाली व्हय काय?"

बापूजी गावचे टपाल वाटायचे. निवृत्त होऊन त्यांना पाच वर्षे झाली होती, पण भिंतीवरच्या खुंटीला खाकी झोळी अजून होती आणि तिची पट्टी तेल लावून मऊ ठेवलेली होती. त्यांनी मला पाणी दिले, माठातले, आणि मी कशाला आले ते पूर्ण ऐकून घेतले. मग म्हणाले की तुमचं काही चुकलं नाई, ते आमचं घरचं हाय.

मी म्हटले, तरीही एकदा यंत्र पाहू द्या.

यंत्र आतल्या खोलीत कोनाड्यात होते, टिफिनच्या डब्याएवढे, वर क्रोशाचा रुमाल. ते त्यांच्या मुलाने, रजतने, बसवले होते. रजत हवामानाचा अभ्यास करतो. बापूजी निवृत्त झाले त्या वर्षी त्याने घरामागच्या मोकळ्या जागेत पाऊस मोजायचे नळकांडे बसवले, रोज सकाळी साडेआठला मोजायचे शिकवले, आणि हे छोटे यंत्र आणून ठेवले. कोणत्या कंपनीचा मेल नाही, आपले स्वतःचे नाव, आपला स्वतःचा सर्व्हर. बापूजींना तो म्हणाला होता की आता हे तुमचं पोस्ट, तुम्हीच पोस्टमास्तर. बढतीच ती, बापूजी म्हणाले, आणि क्षणभर हसले.

पुढच्या वर्षी रजतची निवड दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फाळ किनाऱ्यावरच्या संशोधन तळावर झाली. तिथे हिवाळा सुरू झाला की जहाज नाही, विमान नाही, सहा-सात महिने कोणी येत नाही की जात नाही. तेव्हापासून पत्रव्यवहार सुरू झाला. इकडून रोज पावसाचा आकडा जायचा, तिकडून त्यालाच उत्तर म्हणून तिथल्या तापमानाचा आकडा यायचा. बापूजींनी मला वही दाखवली. पोस्टात वापरतात तशी लांबट वही, रेघा स्वतः आखलेल्या. डावीकडे तारीख, मग "आपलं पानी", मग "रजतची थंडी", आणि उजवीकडे शेऱ्यासाठी जागा.

पहिल्या वर्षीची पाने मी उलटली. अक्षर बापूजींचे, पण शेरे दुसऱ्याच कोणाच्या तोंडचे वाटत होते. ०.०, कैऱ्या पाडल्या, रहमतच्या घरी पाठवल्या. १२.४, छत गळलं नाही. ०.०, तुह्या सायकलीवर कोंबडी बसते. ०.०, इथं ऊन फार, तिथलं थोडं पाठव.

"हे इंदूचं," बापूजी म्हणाले. "माह्या डोळ्याले बारीक रेघा दिसत नाईत. ते काचेचं माप ती डोळ्यापुढं धरे अन् आकडा सांगे. मी लिहो. आकड्यासंग काहीतरी बोलेच ती. मी तेही लिहो."

त्याच हिवाळ्यात, म्हणजे आपल्याकडच्या मे महिन्यात, नऊ तारखेला, इंदूबाई गेल्या. तीन दिवसांचा ताप. रजतला कळले, पण येणे शक्य नव्हते. तो आला पुढच्या मार्चमध्ये, दहा महिन्यांनी. त्या दिवशी दारात काय झाले ते बापूजींनी मला सांगितले, आणि ते सांगताना माझ्याकडे नाही, त्या झोळीकडे पाहून सांगितले. पोराने पिशवी खाली ठेवली आणि वाकला. बापूजी मागे सरकले. म्हणाले, "टपाल उशिरा आलं तरी घ्यावंच लागते. मानसाचं तसं नसते."

रजत आठ महिने देशात होता, पुण्यात. गावी पुन्हा आला नाही. नोव्हेंबरात दुसऱ्यांदा ध्रुवाकडे गेला. दोघांनी एकमेकांना एकदाही फोन केला नाही. पण आकडे थांबले नव्हते. तो पुण्यात असताना तिथले तापमान यायचे, तिकडे गेल्यावर तिथले. शेऱ्याचा रकाना मात्र इंदूबाईंच्या नंतर कोरा होता. दोन वर्षांची पाने, आणि एकाही ओळीत आकड्यापलीकडे शब्द नाही. नोव्हेंबरपासून तर डावीकडेही बहुतेक शून्यच होते. जानेवारीत शून्य, मार्चमध्ये शून्य. तरी हा माणूस रोज साडेआठला मागच्या अंगणात जाऊन, कोरडे नळकांडे उघडून, आता डोळ्याला भिंग लावून मोजून, शून्य पाठवत होता. आणि दहा हजार किलोमीटरांहून अधिक दूरचा एक माणूस त्या शून्याला रोज उत्तर देत होता.

एकवीस एप्रिलपासून "रजतची थंडी" या रकान्यात काहीच नव्हते. पहिल्या सात दिवसांसमोर शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने, टपालखात्याच्या सवयीच्या वळणात लिहिले होते: घेण्यास नकार.

मला कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी यंत्राला जोडलेल्या पडद्यावर परत आलेले पहिले पत्र उघडून दाखवले. इंग्रजीत पाच ओळी होत्या. चार ओळींवर त्यांनी लक्ष दिले नव्हते. एका ओळीत 'रिफ्यूज्ड' असा शब्द होता, आणि तो त्यांना चांगला माहीत होता. अडतीस वर्षांत त्यांनी स्वतः तो शेकडो पाकिटांवर लिहिला होता. मालक घरी नसला तर एक शेरा, पत्ता सापडला नाही तर दुसरा, माणूस वारला तर तिसरा. 'घेण्यास नकार' तेव्हाच लिहायचे, जेव्हा ज्याच्या नावाचे टपाल तो समोर उभा असतो, पाकीट पाहतो, आणि हात मागे घेतो.

"दुसरा कोनी नाकारू शकत नाई, पोरी," ते म्हणाले. "बायको नाकारू शकत नाई, बाप नाकारू शकत नाई. फक्त ज्याचं नाव असते तो."

न घेतलेले टपाल सात दिवस ठेवायचे, हा त्यांचा नियम. म्हणून त्यांनी सात दिवस पाठवून पाहिले. सातव्या दिवशीही नकार आला, तेव्हा थांबले. नाकारलेले टपाल पुन्हा त्याच दारी न्यायचे नसते. मोजणे मात्र सोडले नाही; वहीत शून्ये चालू होती. एक दिवस अवकाळी सर आली होती, त्याचे २.६ होते. नऊ मेच्या ओळीत फक्त तारीख होती, आकडा नव्हता. ते मी पाहिले, पण तेव्हा काही विचारले नाही.

मी त्यांना सगळे समजावून सांगितले. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता कोणीही काहीही लिहू शकतो. त्यावर विश्वास ठेवायचा तर पोस्टाचा शिक्का लागतो. तो शिक्का पाठवणारा मारत नाही, पोस्ट मारते. इथे ती उलटी नोंद म्हणजे तो शिक्का, आणि पोस्ट म्हणजे आम्ही. तिथे बर्फातल्या तळावर उपग्रहाची वाट अरुंद, म्हणून दारावरचे यंत्र फार कडक. त्याने क्रमांक विचारला, नाव मिळाले नाही, पत्र तिथूनच फिरवले. रजतच्या हातात ते कधी गेलेच नाही.

त्यांनी त्या उरलेल्या चार ओळी माझ्याकडून वाचून घेतल्या. शब्दाशब्दाचा अर्थ विचारला.

"म्हंजे शिक्का नव्हता."

"नव्हता. चूक आमची."

"अन् नाकारलं ते पेटीनं. त्यानं नाई."

"त्याला माहीतच नाही, बापूजी."

मला वाटले होते की आता ते लगेच यंत्रापुढे बसतील. ते उठले आणि वही बंद करून कोनाड्यात ठेवली. शांतपणे म्हणाले की पेटीनं नाकारलं हे मी मानतो. पण रोज येणारं टपाल यायचं थांबलं तर मानूस पोस्टात येऊन विचारते. म्हातारी मानसं तीन कोस चालत येऊन विचारत, माहं काही आलं काय म्हणून. "सव्वीस दिवस झाले. त्यानं विचारलं काय?"

नोंद आम्ही आज करूच, मी म्हटले. बाकी दहा जणांची नावे मिळाली आहेत, फक्त तुमच्या यंत्राचे पूर्ण नाव हवे, कारण यंत्र स्वतःला जे नाव सांगते तेच क्रमांकासमोर लिहायचे असते. त्यांनी एका जुन्या पोस्टकार्डावर रजतच्या अक्षरात लिहिलेले नाव दिले. टिंबाच्या आधीचा पहिला शब्द 'इंदू' होता. आई असतानाच पोराने तिचे नाव त्या डब्याला दिले होते. ती म्हणायची की एवढ्याशा डब्यात मला बसवलं. मी ते नाव उतरवून घेतले आणि निघाले.

परतीच्या बसला पाऊण तास होता. रहमतचाचांनी बाकावर जागा करून दिली. काम झालं काय, त्यांनी विचारले, आणि मी जरा चिडून सांगितले की यंत्राचे झाले, माणसांचे नाही. कोणाचे टपाल कोणी उघडू नये हे मला कळते; पण मी दमले होते, आणि ते चाळीस वर्षांचे शेजारी होते. पत्रे आमच्यामुळे परत आली, बापूजींना वाटले रजतने नाकारली, आणि आता त्यांचे म्हणणे की त्याने विचारले कुठे.

चाचांनी मोटारीची गुंडाळी खाली ठेवली. हात पुसले. पुन्हा पुसले.

"पूछा था," ते म्हणाले.

दोन मेला दुकानाच्या फोनवर रजतचा फोन आला होता. आवाज लांबून, तुटत तुटत. त्याने एवढेच विचारले की बापूजी बरे हायत ना, अन् सकाळी पानी मोजतेत काय. चाचांनी सांगितले, एकदम ठीक हायत, रोज मोजतेत, मी भिंतीवरून पाह्यतो. मग रजत म्हणाला, "मंग ठीक हाय. मी फोन केलता हे त्याईले सांगू नका." आणि चाचांनी शब्द दिला.

मी बाकावर बसून दोन्ही बाजू मनात मांडल्या. मुलाला खरी माहिती मिळाली होती: वडील बरे आहेत, मोजतात. मग आकडा येत नाही म्हणजे मुद्दाम पाठवत नाहीत. वडिलांनाही खरा कागद मिळाला होता: नकार. मग तो घेत नाही. दोघांची निरीक्षणे बरोबर होती. दोघांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा होता, आणि मध्ये फक्त एक न भरलेली ओळ होती, जी माझ्या टेबलावर भरायची राहिली होती.

"चाचा, आता सांगा त्यांना."

"जबान दी है, बेटा."

"त्यानं शब्द घेतला तो बापूजींना त्रास नको म्हणून. इथे त्रास तुमच्या न सांगण्यानं होतोय."

त्यांनी मोटारीची गुंडाळी कापडाने झाकली. मग चप्पल घातली. माझी बस आली आणि गेली.

आम्ही गेलो तेव्हा बापूजी मागच्या अंगणात नळकांड्याभोवतीचे गवत उपटत होते. गवत तसे काहीच नव्हते, मेच्या उन्हात होते ते वाळलेले. चाचा त्यांच्या शेजारी उकिडवे बसले आणि जमिनीकडे पाहूनच बोलले.

"भाऊ, मी तुमच्याशी पंधरा दिवस झूठ बोलून राह्यलो. रजतचा फोन आलता. पानी मोजता काय म्हणून इचारत होता."

बापूजींचा हात थांबला. त्यांनी फोन कधी आला ते विचारले. तारीख, वार, वेळ. चाचांनी सांगितले. काय काय बोलला ते विचारले. चाचांनी ते पुन्हा सांगितले, होते तेवढेच. बापूजींनी तिसऱ्यांदा विचारले तेव्हा चाचा म्हणाले की आता यापेक्षा जास्त पाहिजे असन तर मले बनवून सांगावं लागन. बापूजींना हसू आले असावे, पण चेहरा वर केला नाही.

"म्हंजे तो पोस्टात आलता," ते म्हणाले. "अन् तू त्याले परत पाठवलं."

"गलती झाली."

"तुही नाई." त्यांनी मातीचे हात झटकले. "पह्यला नकार माहाच होता. दारातला. मी समजलो, त्यानं तोच मले परत केला."

पुढच्या बसपर्यंत त्यांनी मला दोन प्रश्न विचारले. चुकून परत आलेले टपाल पुन्हा पाठवता येते ना? येते, मी म्हटले. आणि सगळी एकत्र पाठवायची की एकेक? मी म्हटले एकत्र चालेल, एका पत्रात पंचवीस ओळी. त्यांनी मान हलवली. प्रत्येक दिवसाचं टपाल वेगळं असते, ते म्हणाले.

संध्याकाळी कार्यालयात पोचल्यावर किसनसिंगभाऊंना मी सगळे सांगितले. अकरा ओळींची नोंद मी भरत होते आणि ते मागे उभे राहून प्रत्येक क्रमांक तोंडाने वाचत होते, एकही अंक चुकू नये म्हणून. अकराव्या ओळीला मी 'इंदू' लिहिले. मग बाहेरच्या एका दूरच्या यंत्रावरून तोच क्रमांक विचारून पाहिला. नाव आले. नाव विचारले, क्रमांक आला. भाऊ म्हणाले की आता इथून पुढं एक बी नंबर बिननावाचा जाणार नाई, आणि ते वाक्य त्यांनी भिंतीवर खडूने लिहून ठेवले.

दुसऱ्या दिवशी, सतरा तारखेला, मी साडेआठलाच येऊन बसले. आठ छत्तीसला त्या क्रमांकावरून पहिले पत्र गेले. एक किलोबाइटपेक्षा लहान. नाकारले गेले नाही. चार मिनिटांनी दुसरे. मग तिसरे. ते दोन बोटांनी टाइप करत असणार. पाऊण तास झाला, दीड तास झाला. कधी दोन मिनिटांचे अंतर, कधी सात. एका ठिकाणी वीस मिनिटे काहीच नाही; मला वाटले चहा, किंवा ती २.६ वाली तारीख, आकडा नीट पाहून घेत असतील. साडेअकराच्या सुमारास एकूण सव्वीस झाली. जुनी पंचवीस आणि आजचे.

तळावर तेव्हा काय वाजले असतील, दिवस आहे की अंधार, हे मी शोधून काढले. अंधार होता. त्या आठवड्यापासून तिथे सूर्य जवळजवळ वर येतच नाही.

दुपारी अडीचला फोन वाजला. बापूजींचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता, जणू शेजारी कोणी झोपले आहे. उत्तर आलं, ते म्हणाले. मी विचारले, किती? उणे सत्तावीस पूर्णांक आठ. मग थोडे थांबून म्हणाले की आकड्याखाली लिहिलं हाय. वाचून दाखवतो.

"'मागचे पंचवीस मिळाले. नऊ मेचा नाही.'"

मला वहीतली ती ओळ आठवली, नुसती तारीख असलेली.

"त्या दिवशी मी गेलोच नाई मागं," ते म्हणाले. "जागा होतो पहाटपासून. माप हातात घेतलं अन् तसंच ठेवलं. आभाळ साफ होतं पोरी, पाह्यलं होतं मी खिडकीतून. थेंब बी नव्हता. आता तिथं शून्य लिहिलं तर चालन काय? खोटं तर होनार नाई."

खरे तर त्या दिवशी शून्यच असणार. जिल्ह्यात कुठेही पाऊस नव्हता, मी दुसरीकडच्या नोंदीही पाहू शकले असते. शून्य लिहिले तर वही पूर्ण होईल, रकाना सरळ दिसेल, आणि कोणाचेही काही बिघडणार नाही.

"शून्य म्हणजे मोजलं आणि काही नव्हतं," मी म्हटले. "न मोजलेल्या दिवसाला शून्य लिहीत नाहीत, बापूजी. ती जागा रिकामी ठेवतात आणि का मोजलं नाही ते शेऱ्यात लिहितात. रजतलाही तेच शिकवलं असेल. म्हणून तर त्यानं विचारलं."

पलीकडे वहीचे पान उलटल्याचा आवाज आला.

"शेऱ्यात," ते म्हणाले. "तो रकाना तर तिचा हाय."

मग त्यांनी बरं म्हटले आणि फोन ठेवला.

त्या दुपारी मला तीन नव्या जोडण्यांची कागदपत्रे करायची होती. ती मी केली. मध्येमध्ये पडद्याकडे पाहत होते, पण त्या क्रमांकाची रेघ सपाट होती. चारला किसनसिंगभाऊ शिडी घेऊन बाहेर गेले. चार वाजून पन्नास मिनिटांनी आमच्या नोंदीत दूरच्या एका यंत्राचा प्रश्न उमटला, हा क्रमांक कोणाचा. आमच्या यंत्राने उत्तर दिले, इंदू. आणि पत्र आत गेले.

ते एक किलोबाइटचे नव्हते. अकरा किलोबाइटचे होते.